उन्हाळे कोरडे, हिवाळ्यात पाऊस

एकतीस वर्षं सावद्याच्या शाळेत
मी निळ्या खडूने तो समुद्र काढला.
इटलीचा बूट बरा जमायचा,
स्पेन नेहमी थोडा जाडा व्हायचा.
उन्हाळे कोरडे, हिवाळ्यात पाऊस,
ऑलिव्ह, अंजीर, संत्री, द्राक्षं. लिहून घ्या.

मागच्या बाकावरून रमजान तडवीने विचारलं होतं,
“बाई, तुम्ही पाह्यला का तो?”
खाली बस, म्हटलं मी.
पंचवीस वर्षं तो तसाच बसलेला होता
माझ्या डोक्यात कुठेतरी.

मग चेतनाने तिकिटं काढली.
पोर्तुगालचा दक्षिण किनारा, सात दिवस, मे महिना.
“हा अटलांटिक आहे,” मी विमानातच सांगितलं,
“भूमध्य समुद्र पुढे, वळसा घालून.”
“आई, हवामान तेच आहे ना?”
पूर्ण गुण द्यावे लागले.

निघताना सिंधूबाई भारंबे दारातून ओरडल्या होत्या,
“ऊन पाह्यले इतल्या दूर कायले जाता व माय?
आमच्या गच्चीवर या ना!”

आणि खरंच, तिथे लोक उन्हासाठीच येतात.
वाळूवर ओळीने पडलेले,
आपण बिबडे वाळत घालतो तसे,
एक बाजू झाली की उलटायचे.
मला राहून राहून वाटे,
कावळे हाकायला कुणीच कसं बसलं नाही?

ह्यांनी पाण्याला हात लावून कपाळाला लावला,
तापीला लावतात तसाच.
मग जिभेवर थेंब घेतला, तोंड वाकडं केलं.
“इतकं पाणी, आणि एका बागेच्या कामाचं नाही.”
दुकानात केळी दिसली तर चष्मा चढवला,
अंगठ्याने दाबलं, देठ हुंगला,
“घड कोवळा कापलाय,”
आणि दुकानातल्या मुलीला ते सगळं
मराठीतून समजावून सांगितलं.
ती हसली. दोन केळी जास्तीची दिली.

तिसरा आणि चौथा दिवस माझ्यात मिसळून गेलेत.
पांढरी घरं, धुराड्यावर करकोचा,
मिठागरात मिठाचे ढीग,
भिंत फोडून वाकलेलं अंजिराचं झाड.
भर दुपारी खिडक्या मिटून गाव झोपलेलं,
एका म्हातारीची खुर्ची तेवढी बाहेर,
सावली सरकेल तशी ती सरकवत होती.
मी चेतनाला म्हटलं, बघ,
इथल्यांना ऊन कळतं.

पाचव्या दिवशी हे वाळूवर आडवे झाले.
टोपी तोंडावर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली,
आणि दोन तास झोपले.
चाळीस वर्षांत दिवसा झोपलेले पाहिले ते
फक्त ऑपरेशननंतर, जळगावला.
गमबुटात, चिखलात, केळीच्या पाण्यात राहिलेले पाय
केवढे गोरे होते घोट्याखाली!
लाट टाचेपर्यंत येई, विचार करी, परत जाई.
मी भूगोल विसरून बघत बसले.
उठवलं नाही.

सातवा दिवस बॅगा भरण्यात गेला.

भुसावळला उतरलो तेव्हा पारा सेहेचाळीसवर,
रिक्षाच्या सीटवर टेकवेना.
सिंधूबाईंना मिठागरातलं मीठ दिलं.
चिमूटभर चाखून म्हणाल्या,
“मीठच हाये व.”

रमजान परवा स्टेशनच्या धक्क्यावर भेटला.
वॅगनीत केळी भरून घेत होता,
डोक्यावर ओला टॉवेल, शर्टावर चिकाचे काळे डाग.
“पाहिला रे,” मी म्हटलं,
“म्हणजे, त्याच्या शेजारचा पाहिला.”
“कोनता, बाई?”
त्याला काहीच आठवत नव्हतं.
मग मीच सांगितलं, तो धडा, तो खडू, तो बाक.
“बरं,” तो म्हणाला, “मग कसा हाये?”

उन्हाळे कोरडे, एवढंच तोंडात आलं.
थोड्या वेळाने म्हटलं,
“ऊन आपलंच आहे रे.
तिथे त्याला सुट्टी असते.”

तो हसला. “बाई, सावलीत उभ्या राहा,” म्हणाला,
आणि पुढच्या घडाखाली खांदा दिला.