नसलेला ब्रेक

डायनिंग टेबलावर तीन कंपन्या मांडल्यात.
हिरव्या पाटीची, केशरी पाटीची, आणि ती पिवळी,
जिचं ऑफिस विमानतळावर नाहीच,
वीस मिनिटं लांब, कुठल्याशा गोदामांच्या मागे.
"म्हणजे ओझरला उतरायचं
आणि गाडी घ्यायला आडगावला जायचं,"
म्हणाले अहिरराव.
नवऱ्याला मी आडनावानेच हाक मारते,
एकाच शाखेत होतो, तेव्हाची सवय.

व्हिएन्नाहून निघून त्रिएस्तेला समुद्र बघायचा,
मध्ये स्लोव्हेनिया.
हिरवी म्हणते, हद्द ओलांडाल तर वेगळे पैसे.
केशरी म्हणते, इथे घेऊन तिथे सोडाल तर वेगळे.
पिवळी काहीच म्हणत नाही,
आणि न बोलणाऱ्या पार्टीचा अहिररावांना
सगळ्यात जास्त संशय.

वसुली अधिकारी होते ते.
द्वारका चौकापासून सिन्नरपर्यंत
हप्ते थकलेले टेम्पो त्यांना नंबरानिशी पाठ.
आता भिंग घेऊन उतरतात बारीक अक्षरांत:
काच फुटली, विम्यात नाही.
टायर फुटला, नाही.
खालून घासली, तर मुळीच नाही.
"मग विमा कशाचा, हॉर्नचा?"

गायधन्यांच्या मुलाने केशरी घेतली होती.
परत करताना डिकीवर एक ओरखडा निघाला,
तो आधीचा की नंतरचा, यावर चार महिने ईमेल.
हरला.
"आपण चारी बाजूंनी पंचनामा करू," अहिरराव म्हणाले,
आणि चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाल्ले.

तिसऱ्या पानावर ते थांबले.
मुख्य चालकाच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड.
डेबिट चालणार नाही.
हजार युरो अडकवून ठेवणार, गाडी नीट परत येईपर्यंत.

आयुष्यभर दुसऱ्यांची थकबाकी मोजलेला माणूस.
स्वतःच्या नावावर रुपया उधार ठेवला नाही,
वाण्याकडेसुद्धा.
भिंग खाली ठेवलं. चष्मा पुसला.
पंखा उगीच एकवर केला.

माझ्याकडे आहे कार्ड.
निवृत्तीच्या वर्षी घेतलं, सांगायचं राहिलं.
कपाटातून काढून टेबलावर ठेवलं,
हेमलता डी अहिरराव.
जागा पुरली नाही,
दिगंबरचा नुसता डी उरलाय.
ते बराच वेळ त्या डीकडे बघत होते.
"व्याज किती लावतात?" एवढंच विचारलं.

शेवटी हिरवी घेतली.
स्वस्त म्हणून नाही,
तिच्याकडे दुसऱ्या चालकाचे पैसे पडत नाहीत म्हणून.
दुसरा चालक: दिगंबर अहिरराव. फुकट.

पेठ रोडच्या आरटीओत परवान्याचा फॉर्म भरताना
बाई म्हणाल्या, तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं, जमेल?
डावीकडे तर मी एकतीस वर्षं बसतेय.
कसाऱ्याच्या घाटात, चांदवडच्या उतारावर,
मुंबई नाक्याच्या त्या सर्कलला
उजवा पाय दाबत आलेय
नसलेल्या ब्रेकवर.
तिथलं मॅट झिजलंय. कुणी बघितलं नाही,
गाडी धुणाऱ्या पोराशिवाय.

आता रात्री जेवणं झाली की खाली उतरतो.
इंदिरानगरचं पार्किंग, गाडी बंद.
मी माझ्या जागेवर, हातात स्टीलचं ताट, गोल धरलेलं.
ते त्यांच्या जागेवर, खऱ्या स्टिअरिंगपुढे,
हात मांडीवर ठेवून.
"आरसा," ते म्हणतात. मी आरसा बघते.
"गिअर उजवीकडे." माझा हात
त्यांच्या हाताला लागतो.

वॉचमन काशिनाथ वाकून विचारतो,
काकू, बॅटरी उतरली का?
नाही हो. डोंगरात आहोत.
वळण आलं, मी ताट फिरवलं जरा जोरात,
आणि अहिररावांचा पाय गेला ब्रेकवर.
मागच्या भिंतीवर, वॉचमनच्या सायकलीवर
लाल उजेड पडला.
बराच वेळ त्यांनी पाय काढला नाही.