दगड, एक मार्क

औशाच्या ज्युनियर कॉलेजात पाचवा तास माझा.
एप्रिल, लाईट गेलेली,
वर पंखा तसाच, एक पातं वाकलेलं,
आणि मी फळ्यावर लिहितोय: वॉर्म वेलकम.
म्हणजे आपुलकी, मायेची ऊब.
मागच्या बाकावरून स्वाम्यांचा मन्मथ:
"सर, आमच्यात पाव्हण्याला आधी गार पाणी देतेत."
वर्ग हसला. मीही.
कोल्ड म्हणजे तुटक, कोरडा माणूस,
हे सांगायचं तसंच राहिलं तोंडात.

गाईडमध्ये मात्र सगळं ठरलेलं.
डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ,
मध्ये बरोबरच्या दोन आडव्या काड्या,
किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखं.
घुबड बरोबर शहाणपण.
आमच्या आळीत त्याला हाकलतात,
पण परीक्षेपुरतं शहाणपण.
दगड बरोबर बळ, आधार, न ढळणारं काही.
चौदा वर्षं हेच शिकवत आलो.
मी मूळचा परभणीकडचा,
तिथल्या काळ्या रानात
दगड हुडकावा लागतो.

चाचणीत दैवशाला बिराजदारनं लिहिलं:
स्टोन मीन्स नाइट.
स्पेलिंग चुकवलं, खोडलं,
पुन्हा तेच लिहिलं.
मी लाल गोळा केला. एक मार्क गेला.

मग शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर सही राहिली
म्हणून तिच्या गावी गेलो.
नवं गाव. सरळ रांगा, घरांना नंबर.
जुनं पलीकडं, बाभळींच्या आत,
तिकडं फक्त शेरडं जातात.
अंगणात तीन बाजा टाकलेल्या.
तिची आई चहाला आधण ठेवत बोलत होती
थोरल्या पोराबद्दल,
ज्याला दैवशालानं पाहिलंच नाही.
"आमी भिताडाकडंला निजत न्हाई, मास्तर.
थंडीत आत निजलो तरी बाज मधोमध."
साल कुणी सांगितलं नाही.
आकडा कुणी घेत नाही तिथं.
त्या रातीला, म्हणतात,
आणि सगळ्यांना कळतं कुठली.

दुसऱ्या दिवशी तिचा पेपर मागून घेतला.
पेन उघडलं.
मग आठवला बोर्डाचा तपासनीस,
कुठल्यातरी गार खोलीत,
त्याच्या पुढ्यात उत्तरांचा तक्ता.
म्हणालो, "दैवशाला, तिथं बळच लिही."
"लिहिते की, सर."
पेपराची घडी करत, अगदी समजुतीनं:
"त्यांच्याकडला दगड
झोपेत हलत नसंल."

मार्क दिला का, आठवत नाही.
नाही, आठवतं.
अर्धा दिला.

त्या रात्री भाड्याच्या खोलीत
खाट भिंतीपासून ओढली,
चार बोटं.
जास्त नाही.