घरातील व्यक्ती: दोन

मंगळवारी दुपारी दोन ते चार
ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, गळक्या रेडिएटरशेजारी
मी लोकांची पत्रं टाईप करून देते.
बहुधा पेन्शन, कधी शेजाऱ्याचं कुंपण.
इडवल प्रॉसर आला तो टोपी न काढताच.
फिशगार्डच्या धक्क्यावर चाळीस वर्षं दोरखंड ओढलेले हात
टेबलावर ठेवून म्हणाला,
फोन बंद कर माझा.

फोन नव्हे, फोन करणारे.
सोलर. छताखालचं अस्तर.
कधीच न झालेल्या अपघाताची भरपाई.
ऐन जेवणात, बटाटा काट्यावर असताना
एक गोड आवाज विचारतो,
मिसेस प्रॉसर आहेत का?
पहिल्यांदा तो म्हणाला, नाहीत.
पुढच्या वेळी म्हणाला, वारल्या.
आवाज म्हणाला, अरेरे, मग केव्हा फोन करू?

शिव्या देऊन झाल्या, वेल्शमध्ये,
पण त्याच्याकडच्या साऱ्या चॅपेलमध्ये वाढलेल्या,
कुणाला लागेनात.
शिट्टी फुंकली. रिसीव्हर उशीखाली पुरला.
पालथ्या घड्यावर पाणी.
शेवटी सोलर घेतो म्हणून खोटं बोलला
आणि कंपनीचा पत्ता काढला.
तो लाइफबोटच्या कॅलेंडरवर लिहून आणला होता,
भरतीच्या वेळांच्या खाली.

मी म्हटलं, आपण कलम एकवीस लावू.
त्याला ते मलमाचं नाव वाटलं.
म्हटलं, हक्क आहे तुमचा.
माझी माहिती वापरून मला काही विकू नका
एवढं सांगायचं. कारण द्यावं लागत नाही.
कारण द्यावं लागत नाही?
त्यानं दोनदा विचारलं.
शिवाय कलम पंधरा:
माझ्याबद्दल काय काय ठेवलंयत, आणलंत कुठून,
दिलंत कुणाकुणाला, दाखवा. मुदत एक महिना.
पत्र पाऊण पान झालं.
'कृपया' त्यानं खोडायला लावलं,
मग दारापर्यंत जाऊन परत आला,
म्हणाला, असू दे एक.

सव्विसाव्या दिवशी पाकीट आलं.
न फोडता माझ्याकडे आणलं.
आत तक्ता.
नाव, पत्ता, नंबर.
स्रोत: कृषी प्रदर्शन, बक्षिसाचं कूपन, तेरा वर्षांपूर्वी.
बक्षीस: कॅराव्हॅन.
एलुनेडनं भरलं असणार, तो म्हणाला,
मी तिकडे मेंढ्या बघत होतो.
आवडी: बागकाम, सागरी प्रवास.
सागरी?
धक्क्यावर डबा घेऊन यायची, पाण्याकडे पाठ करून बसायची.
पाच वर्षांत घ्यायचा विचार: काचेची खोली.
घरातील व्यक्ती: दोन.

रेडिएटर ठिबकत होता.

खाली लिहिलं होतं, आपला आक्षेप नोंदवला आहे.
सगळं पुसलं जाईल. फक्त नंबर राहील,
फोन करू नये अशांच्या यादीत,
चुकून पुन्हा फोन जाऊ नये म्हणून.
म्हणजे विसरायचं हे लक्षात ठेवणार, तो म्हणाला,
आणि पहिल्यांदाच हसला.

मी आपली कामाच्या नादात बोलून गेले,
'दोन' चुकीचं आहे,
दुरुस्त करायलाही सांगता येतं.
त्यानं त्या ओळीवर अंगठा ठेवला.
कशाला? पुसणारच आहेत ना.
त्यांच्याकडचं पुसू दे.
मग टोपी काढली, कागद चौघडी करून आत ठेवला,
टोपी पुन्हा घातली
आणि बससाठी निघून गेला.

तीन आठवड्यांनी आला, गुरुवारी, वार चुकवून.
फोन वाजतच नाही, म्हणाला.
तार तुटली की काय.
तूच एकदा करून बघ, साडेसहाच्या सुमारास.

केला. दुसऱ्या घंटेला उचलला.
मी मुद्दाम विचारलं, मिस्टर प्रॉसर आहेत का?
बराच वेळ काही नाही.
मागे कुठेतरी बशीवर काटा ठेवल्याचा आवाज.
मग म्हणाला,
आहेत. जेवतायत.
बटाटा गार होतोय, पण बोल.