चालवून बघतो

डोन खोंग बेटावर, तांबड्या धुळीत
मागचं चाक बसलं.
खामफेंगनं ट्यूब परातीत बुडवली,
बुडबुड्यावर अंगठा ठेवून
भुवई उडवली: सापडलं!

ठिगळ लावलं. चालवून बघतो, अशी खूण केली
आणि गेला तो गेलाच.

मी त्याच्या बाकड्यावर.
समोर चटयांवर तांदळाचे पापड वाळत होते,
कोंबड्या हाकलायचं काम
न सांगता माझ्याकडे आलं.
शाळा सुटलेल्या एका मुलीनं
सायकल पुढे केली. हवा भरली.
हजार किपची चुरगळलेली नोट देऊन
ती हात जोडून गेली.

ऊन मेकाँगपलीकडे कललं तेव्हा
खामफेंग परतला,
मागे बायको, हँडलला दोन मासे.

किती झाले, विचारलं.
त्यानं ती नोट दुमडून
माझ्याच खिशात घातली.
एक मासा अजून
वळवळत होता.