शेरा

सकाळी साडेआठला यावलच्या तहसील आवारात
सुकलाल कोळी पर्जन्यमापक उघडतो,
मोजपात्र डोळ्यांसमोर धरतो
आणि आकडा आधी स्वतःशीच पुटपुटतो.

रडार लांबच्या शहरात.
त्याचा किरण इथवर येईतो
इतका उंच गेलेला असतो
की त्याला ढगाची नुसती टोपी दिसते.

एप्रिलात रडार म्हणालं, बेचाळीस मिलिमीटर.
वहीत दोन पूर्णांक चार.
"गाजना बहू, पडना नई."
थेंब निघाले असणार वरून,
वाटेतली कोरडी हवा ते पिऊन बसली.

गारा पडल्या त्या दिवशी रडारला महापूर दिसला.
सुकलालने चहाच्या टपरीवरून
कोमट पाणी आणलं, मोजून ओतलं,
गारा विरघळल्यावर तेवढंच वजा केलं.
वहीतली ती वजाबाकी
मी दोनदा वाचली.

अकरा वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडत
प्रत्येक तफावत मी रडारच्या खात्यावर टाकत गेले.
फक्त अलीकडची चार वर्षं पटेनात:
वारा पश्चिमेचा असला
की वहीच कमी भरायची.

म्हणून बसने आले.
मापकाच्या पश्चिमेला, हात लांबवला तर लागेल असा,
कडुनिंब.

"हाऊ तं बोटइतला व्हता,"
सुकलाल वर बघत राहिला.
कुऱ्हाडीचं नाव दोघांनीही काढलं नाही.
मग त्याने वही मांडीवर घेतली
आणि अकरा वर्षं कोऱ्या असलेल्या शेऱ्याच्या रकान्यात
सावकाश लिहिलं:
झाड वाढले आहे.