पाण्याची पाळी

आमदार तोरसकर मस्कतला आले तीन दिवसांसाठी,
मंडळाच्या वर्धापनदिनाला. गाडी माझ्याकडे होती.
रुवीच्या हॉलमध्ये काल पाऊण तास बोलले:
सरकारनं कमी करावं,
आणि जे करेल ते नीट करावं.
एकदा म्हणे आंब्याच्या पेटीचं विधेयक आलं,
लांबी किती, फळ्या किती, खाली पेंढा किती.
"मी उठलो. म्हटलं, अध्यक्ष महाराज,
पेंढा मोजणार कोण?
आणि तो माणूस रजेवर गेला
तर आंबे पिकायचे थांबणार का?"
लोक हसले. मीही हसलो,
शेवटच्या रांगेत, हातात किल्ली घेऊन.

आज शुक्रवार. त्यांना डोंगरात नेलं,
निझवाच्या अलीकडे, फलज बघायला.
फलज म्हणजे पाट. वीतभर खोल,
डोंगराच्या पोटातून निघून
खजुरीच्या मुळांशी जाणारा.
भिंतीला टेकून हमूद बिन सैफ बसलेला,
मांडीवर वही, समोर रोवलेली काठी.
सावली या दगडावरून त्या दगडावर गेली
की एकाची पाळी सरली.
एक पोरगा येतो, चिंध्यांचा बोळा
इथून उपसतो, तिथं कोंबतो.
पाणी वळतं. कुणी ओरडत नाही.

आमदारांनी बूट काढले, पाय सोडणार
तोच म्हाताऱ्यानं हात वर केला.
इथं प्यायचं. पाय खाली, मशिदीच्या पलीकडे.
"बघितलंत?" आमदार मला म्हणाले,
अनवाणीच, खूश होऊन.
"पाटी नाही. दंड नाही. मंत्रालय तर नाहीच!
विचारा, यांना नेमलं कुणी?"

माझं अरबी अकरा वर्षांचं, गॅरेजमधलं.
विचारलं.
ज्यांचा पाण्यात वाटा आहे त्यांनी.
आणि त्यांना नको झालात तर?
वही देऊन टाकेन. माझ्या आधीच्यानं दिली तशी.
आमदार नुसते मान हलवत राहिले,
देवळात हलवावी तशी.

मग त्यांना दिसला सिमेंटचा पांढरा तुकडा,
पाटाच्या तोंडाशी, नव्या दातासारखा.
"आणि हे?"
हमूद म्हणाला, वादळात तोंड बुजलं.
आम्ही उरलो चौदा माणसं, म्हातारी धरून.
पोरं मस्कतला ऑफिसात.
सरकारनं मशीन पाठवलं, नऊ दिवसांत मोकळं केलं.
हे भाषांतर करू की नको, असं क्षणभर झालं.
केलं.
आमदारांनी बूट घातले, नाडी बांधायला वेळ लावला.
"एवढंच करावं," म्हणाले, "आणि निघून जावं."
गेले का, मी हमूदला विचारलं.
गेले. पण दरवर्षी एक इंजिनिअर येतो,
पाणी मोजतो, चहा पितो,
आकडा काय आला ते सांगत नाही.

परतीला आमदार पेंगत होते.
मला सांगायचं होतं,
आमच्याकडेही वहाळाला बांध घालायचे मार्गशीर्षात,
घरटी एक माणूस, वर नारळ आणि चिवडा.
मग ठेकेदाराचा बांध आला, पक्का,
पहिल्याच पावसाळ्यात फुटला.
घरटी माणूस काही परत आला नाही.
मी तरी कुठे गेलो.

आणि हेही सांगायचं होतं:
कंपनीनं पाच महिने पगार अडवला तेव्हा
कामगार खात्याच्या खिडकीत एक बाई होती,
नखांना मेंदी, समोर शंभर माणसं.
तिनं माझा कागद वाचला. पूर्ण वाचला.
मग शिक्का मारला.
तो शिक्का जास्तीचा होता की कमीचा,
साहेब, मला अजून मोजता येत नाही.

बोललो नाही. ड्रायव्हरनं किती बोलावं
याचाही एक अलिखित नियम असतो.

दिवे लागले तेव्हा ते जागे झाले.
"त्या वहीत काय लिहितात हो?"
नावं, म्हटलं. कुणाची पाळी कधी.
आणि कुणी कुणाला पाणी उसनं दिलं ते.
"उसनं?"
हो. तारीख घालून.
ते काचेबाहेर बघत राहिले,
रुवी येईपर्यंत.