तिसरी पापणी

टपालानं आली बाटली, सार्नटालच्या डोंगरातून.
फॉर्मालिनमध्ये तिसऱ्या पापणीचा तुकडा,
मसुराएवढा. सोबत चिठ्ठी,
कासियान प्लाटनर, पेन्सिलीनं:
"लोरे. डावा डोळा. वय चौदा.
शेजारी म्हणतात माशीनं सुजलंय.
जूनमध्ये वरच्या कुरणात नेऊ ना तिला?"

मेणात बसवला, कापला केसाहून पातळ.
पेशी इतक्या बिघडलेल्या
की चेहऱ्यावरून कूळ कळेना.
मग काचेवर एकेक खूणद्रव्य,
परक्या पाहुण्याला विचारावं तसं,
कुणाकडचे तुम्ही?

रक्तवाहिनीचं नाव घेतलं: गप्प.
रंगपेशींचं: गप्प.
केराटिन म्हटलं मात्र,
काचभर तपकिरी उजाडलं,
लोरेच्या पाठीचाच रंग असावा,
मी तिला पाहिलेलं नाही.

शल्कपेशींचा कर्करोग, मी लिहिते.
तीन कडा मोकळ्या.
चौथीपाशी सात पेशी.
दोनदा मोजल्या, सातच.

अहवालात कुरणासाठी रकाना नाही.
सहीखाली, पेन्सिलीनंच:
न्या.
उन्हाची जाळी बांधा डोळ्यांवर, दोन्ही.
ऑगस्टात खाली आणून दाखवा.